कापलेला कर ही परक्याची ठेव

चूर्णे कुटणे, वस्त्रगाळ करणे, डब्या भरणे ही कामे आपल्यापैकी अनेक फार्मसीचालक बाहेरच्या स्वतंत्र कारागिरांकडून करवून घेतात. द्रव्ये आपली, श्रम त्यांचे. मात्र मोबदला देताना ‘त्याचा कर तो पाहील’ ही वृत्ती आम्हांस घातक वाटते.

एकल मालकाची उलाढाल मागील आर्थिक वर्षात १ कोटी रुपयांहून, किंवा वैद्यकी करणाऱ्याची व्यावसायिक प्राप्ती ५० लाखांहून अधिक असेल, तर उगमस्थानी करकपात (टीडीएस) बंधनकारक ठरते. एक देयक ३० हजारांपुढे वा वर्षाची बेरीज १ लाखापुढे गेल्यास वैयक्तिक कंत्राटदाराच्या मोबदल्यातून १ टक्का कापावयाचा. अभ्यागत वैद्यांचे वार्षिक मानधन ५० हजारांपुढे गेल्यास कपात १० टक्के. कपात टाळल्यास त्या खर्चाचा ३० टक्के भाग वजावटीस नाकारला जातो. १९६१ च्या कायद्यातील ही चौकट २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे.

तथापि दंडाच्या भीतीहून मोठी गोष्ट नीतीची आहे. कापलेला रुपया आपला नव्हे. तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) न भरल्यास कारागिराच्या करखात्यात दिसत नाही. अल्प उत्पन्नाच्या कारागिरास जो परतावा मिळावयाचा, तो आपल्या आळसापायी अडतो. म्हणून लेखी करार, पॅन क्रमांक, वेळेवर भरणा आणि कपातीचे प्रमाणपत्र हे पथ्य प्रत्येकाने पाळावे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.