शेवटची तीन मिनिटं

बॉससमोर प्रेझेंटेशन मस्त चाललंय आणि नेमका शेवटच्या स्लाइडला लॅपटॉप हँग! झालंय कधी? मग टोयोटाची ही गोष्ट तुमच्यासाठीच.

जून 2016, फ्रान्समधलं ले मान्स. सलग 24 तासांची कार रेस. टोयोटाची टीएस050 ही हायब्रिड गाडी पहिली, उरलीयेत जेमतेम तीन मिनिटं. आणि काझुकी नाकाजिमा रेडिओवर ओरडतो, पॉवरच नाहीये! स्टार्ट-फिनिश लाइनजवळ गाडी ठप्प. पोर्शे शेजारून गेली आणि जिंकली. टोयोटाने शेवटचा लॅप रखडत पुरा केला, पण वेळेच्या मर्यादेबाहेर. म्हणजे दुसरा नंबरही नाही, नंबरच नाही.

या गाडीचा फंडा सॉलिड होता. 2.4 लिटरचं व्ही6 टर्बो इंजिन, शिवाय पुढे-मागे इलेक्ट्रिक मोटर. ब्रेक मारल्यावर एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा लिथियम-आयन बॅटरीत साठवायची आणि वळणातून बाहेर पडताना चाकांना परत द्यायची. लॅपमागे इंधन किती, वीज किती, तेही नियमाने मोजून मिळणार. एवढं सगळं जमवलं, आणि दगा कोणी दिला? टर्बोकडून इंटरकूलरकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या जोडाने!

2017 तर अजून भारी. ही गाडी पिटमधून विजेवर निघते, म्हणून इंजिनाच्या जोरावर जागची हलायला तिचा क्लच बनवलेलाच नव्हता. रात्री आघाडीवरचा कामुई कोबायाशी पिटच्या तोंडाशी लाल दिव्याला थांबलेला. नारिंगी सूटमधल्या एकाने अंगठा दाखवला. वाटला मार्शल, निघाला दुसऱ्या टीमचा ड्रायव्हर, शुभेच्छा द्यायला आलेला! कोबायाशी निघाला, टीमने थांबवलं, पुन्हा निघाला, सगळं इंजिनावर. क्लच गेला.

मग टेस्टिंगमध्ये टोयोटावाल्यांनी मुद्दाम बिघाड घडवले, तीन चाकांवर गाडी चालवायचाही सराव केला. 2018 मध्ये जिंकले. ऑडी, पोर्शे तोवर निघून गेलेल्या, त्यामुळे 'समोर होतं कोण' हा टोमणा आलाच. मला तो अर्धाच पटतो. 2016 मध्येही त्यांना हरवलं होतं ते पाइपने, पोर्शेने नाही.

17 जून 2018 ला झेंड्याखालून गाडी नेली नाकाजिमानेच. सोबत 2016 चाच सेबॅस्टियन ब्युमी आणि नवा फर्नांडो अलोन्सो. 2016 च्या गाडीतला तिसरा, अँथनी डेव्हिडसन? त्याची सीट अलोन्सोला दिली होती. तो राखीव ड्रायव्हर झाला होता.