बैलगाडी विसरलेला विमानांचा इतिहास

१/ दरवर्षी १५ ऑक्टोबर उजाडला की समाजमाध्यमांवर तरुण जे. आर. डी. टाटा आणि त्यांचे लहानसे पुस मॉथ विमान यांची छायाचित्रे फिरू लागतात. सोबतचा मजकूरही ठरलेला असतो: एका माणसाचे धाडस आणि देशाला फुटलेले पंख. या धाग्यात मला त्या मजकुराशी भांडायचे आहे. तो खोटा नाही, अपुरा आहे. आणि विमानांच्या बाबतीत अपुरा इतिहास जिवावर बेततो.

२/ आधी घटना पाहू. १९३२ साली त्या दिवशी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन निघालेले जे. आर. डी. दुपारी जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादचा थांबा होता. तेथे विमानात भरायचे पेट्रोल बर्मा-शेल कंपनीच्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून आले, आणि ते डबे आले बैलगाडीतून! पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले.

३/ स्मरणलेखांत त्या गाडीवानाला जागा नसते. गाडी वेळेवर आली नसती, तर सारे धाडस अहमदाबादच्या उन्हात ताटकळत बसले असते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई, तेव्हा ही सेवा पुण्याला हलवावी लागे. पेट्रोल कोठे मिळेल, जमीन कोठे कोरडी असेल, हे ज्यांनी आधी ठरवले त्यांच्यामुळे टपाल पोचले. वैमानिकाचे शौर्य त्यानंतर सुरू होते.

४/ दुसरे उदाहरण मे १९३० चे. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी निघालेली ॲमी जॉन्सन कराचीहून अलाहाबादकडे जात होती. इंधन अपुरे पडू लागले आणि तिला झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. त्यात विमानाच्या पंखाला इजा झाली. दुरुस्ती करून ती पुढे गेली आणि २४ मे रोजी डार्विनला पोचली.

५/ वृत्तपत्रांनी तिची ‘आकाशातील एकटी मुलगी’ अशी प्रतिमा रंगवली. वास्तविक ती विमानदुरुस्तीचा परवाना मिळवलेली तंत्रज्ञ होती. प्रवासापूर्वी विमानात जादा टाक्या बसवलेल्या होत्या. इतकी तयारी असूनही इंधनाने तिला झाशीला गाठलेच. नकाशावरचे अंतर स्थिर असते. ते कापायला लागणारा वेळ मात्र वाऱ्याच्या हाती असतो. इंजिन किलोमीटर ओळखत नाही, त्याला केवळ तास कळतात.

६/ आता हाच हिशोब आपल्या गावावर मांडू. मुंबई आणि हैदराबाद यांना जोडणारी सरळ रेषा उमरग्याच्या अगदी जवळून जाते. एकूण अंतर सुमारे ६१७ किलोमीटर. उमरगा मुंबईपासून सुमारे ४१३ वर. समजा, सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाने कोणी निघाले. टाकी ९८ लिटरची, पण वापरता येते ते ९३ लिटर. ताशी २३ लिटर जळते असे धरले, तर हातात उरतात सुमारे ४ तास.

७/ वारा शांत असेल आणि वेग ताशी १८० किलोमीटर असेल, तर हैदराबाद ३ तास २६ मिनिटांवर. कागदावर सारे ठीक. आता समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला असे धरा. जमिनीवरचा वेग १४० उरतो. उमरग्यावर येईतो २ तास ५७ मिनिटे सरलेली असतात. टाकीत १ तास ३ मिनिटांचे इंधन, आणि पुढे वाट १ तास २७ मिनिटांची!

८/ इंजिन त्या क्षणी उत्तम चालू असते. आवाजात खोट नसते, आभाळ निरभ्र असते. तरीही हे विमान हैदराबादला पोचणार नाही, हे उमरग्याच्या आभाळात निश्चित झालेले असते. लातूरची धावपट्टी उत्तरेस साधारण ६५ किलोमीटरवर आहे. तिकडे वळले तर जवळपास अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक ठेवून उतरता येते. न वळले, तर तासाभराने कोणाच्या तरी उभ्या तुरीत उतरावे लागते.

९/ आपल्याकडे मोटारसायकल ‘रिझर्व्हला लागली’ की माणूस कॉक फिरवतो आणि पंपापर्यंत निभावून नेतो. आकाशातली राखीव निराळी आहे. डोळ्यांनी जमीन पाहत उडणाऱ्या लहान विमानासाठी आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की, मुक्कामी पोचल्यावरही दिवसा किमान ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे इंधन उरले पाहिजे. ती राखीव प्रवासासाठी नाहीच. तिला हात लावावा लागला, तेथेच नियोजन फसले.

१०/ येथे कोणी म्हणेल, ‘अशा चुका नवशिके करतात.’ अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ या काळातील लहान विमानांचे अपघात तपासले. इंधनाच्या गैरव्यवस्थेमुळे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात. त्यांत शिकाऊ वैमानिक २ टक्क्यांहूनही कमी! जवळपास निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या परवान्याचे होते. शिकाऊ माणूस टाकीत काठी बुडवून पाहतो. मुरलेला माणूस अंदाजाने निघतो.

११/ इंधन असूनही इंजिन बंद पडते, तो प्रकार आणखी वेगळा. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वतःचे लहान विमान चालवताना मरण पावला. एका टाकीकडून दुसरीकडे वळवण्याची कळ त्याच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. ती फिरवण्याच्या धडपडीत विमानावरचा ताबा गेला. उड्डाणापूर्वी पुरेसे इंधन भरून घेतले नव्हते, हेही चौकशीत नोंदले गेले.

१२/ मग धाडसाला काहीच मोल नाही काय? आहे. इंजिन बंद पडल्यावर नाक खाली धरून वेग राखणे, वारा ओळखणे, विजेच्या तारा टाळून शेत निवडणे याला कसब आणि धीर दोन्ही लागतात. इंधनात पाणी शिरल्याने वा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरल्यानेही इंजिन थांबते. अशा प्रसंगी सुखरूप उतरणाऱ्याचा गौरव व्हावाच.

१३/ आक्षेप आहे तो ‘चमत्कार’ या शब्दाला. विमान शेतात उतरले आणि माणसे वाचली, की ‘दैव बलवत्तर’ म्हणून बातमी संपते. निघताना टाकीत किती होते? मोजले कोणी? वाटेत वळण्याची संधी कोठे होती, आणि ‘आजच पोचायचे आहे’ असे मागून कोण म्हणत होते? चमत्कार म्हटले की हे प्रश्न गिळले जातात, आणि तोच अपघात पुन्हा घडायला मोकळा होतो.

१४/ हे आपल्या दाराशीही आहे. धाराशिव, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि बारामती या धावपट्ट्या २००९ साली दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे गेल्या. तेव्हापासून आपली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: प्रवासी विमान कधी येणार? अडचणीतल्या लहान विमानाला येथे रात्री दिवे मिळतील का, अग्निशमनाची गाडी मिळेल का, पुन्हा उडण्यापुरते इंधन मिळेल का, हे विचारणारा विरळा.

१५/ इंधनाचा प्रश्न तर फारच जुना आहे. सेस्नासारख्या विमानांना लागणारे ‘एव्हीगॅस’ आपण आयात करत होतो. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार केलेले स्वदेशी एव्हीगॅस २०२२ साली आले. म्हणजे जे. आर. डीं.च्या त्या उड्डाणानंतर ९० वर्षांनी! एवढी वर्षे आपण पंखांची गाणी गात होतो.

१६/ तेव्हा येत्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डीं.चे छायाचित्र अवश्य लावा. तो मान त्यांचाच आहे. फक्त मजकुरात एक ओळ वाढवा: अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून वेळेवर आले होते. आणि पुढच्या वेळी कोणी ‘चमत्काराने बचावले’ असे लिहिले, तर त्याला एवढेच विचारा: निघताना टाकीत किती लिटर होते?