समुद्रात टाकले म्हणजे संपले?



भाईंदरच्या खाडीपुलावर लोकल आली की डब्याच्या दारातून निर्माल्याच्या पिशव्या भिरकावल्या जातात. पाण्यात पडले म्हणजे संपले, अशी आपली समजूत. नातवंडांना नागरिकशास्त्र शिकवणारे आईवडीलही हेच करतात, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. पण हीच समजूत मोठमोठ्या प्रगत देशांच्या सरकारांचीही होती, आणि त्यांच्या पिशवीत निर्माल्य नव्हते, विषारी वायूचे बॉम्ब होते. आज त्याविषयी.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले असे आपण मुलांना शिकवतो. त्या वेळी जर्मनीत विषारी वायूचे प्रचंड साठे सापडले. जेत्या राष्ट्रांनी ते जहाजांवर लादले आणि समुद्रात बुडवले. एकट्या बाल्टिक समुद्रात, बॉर्नहोम आणि गॉटलंड बेटांच्या आसपास, सुमारे ४० हजार टन रासायनिक दारूगोळा टाकला गेला असा अंदाज आहे. ब्रिटनने स्कॉटलंड आणि आयर्लंडमधली बोफर्ट्स डाइक नावाची खोल घळ त्यासाठी निवडली. अमेरिका तर १९७० सालापर्यंत जुन्या जहाजांत अशी शस्त्रे भरून ती बुडवत होती.

यातले मुख्य विष मस्टर्ड. त्याला वायू म्हणतात, पण मुळात तो तेलकट द्रव. पाण्यापेक्षा जड, आणि साधारण १४ अंशांखाली गोठणारा. थंड समुद्राच्या तळाशी त्याच्या गोळ्यावर वरून एक कडक साल धरते आणि आतले विष वर्षानुवर्षे तसेच राहते. वरचे लोखंड मात्र गंजत जाते. काही शस्त्रांत आर्सेनिक असते, त्याचे तर विघटन होऊन काही चांगले होण्याचा प्रश्नच नाही. तळाच्या गाळात ते साठत राहते.

आणि हे सारे वर कोण आणते? ज्याने टाकले तो नव्हे. जाळे ओढणारा मच्छीमार आणतो. इटलीत बारी बंदराजवळ मासेमारी करणारे दोनशेहून अधिक लोक युद्धानंतरच्या काळात असे भाजून रुग्णालयात गेले.

त्या बारीची हकीकत सांगण्यासारखी आहे. २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी या बंदरावर हल्ला केला. तिथे 'जॉन हार्वे' नावाच्या अमेरिकी जहाजात सुमारे दोन हजार मस्टर्ड बॉम्ब गुपचूप आणून ठेवले होते. जहाज उडाले, विष पाण्यावरच्या तेलात मिसळले. रुग्णालयातल्या डॉक्टरांना कोणी काही सांगितलेच नाही. त्यांनी तेलाने माखलेल्या खलाशांना त्याच ओल्या कपड्यांत घोंगड्या पांघरून बसवले. सहाशेहून अधिक लोकांना बाधा झाली, त्यांतले ऐंशीहून अधिक दगावले. विषाइतकाच तो लपवाछपवीचा बळी होता, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, बारीचे आणि बाल्टिकचे आपल्याला काय? बारीनंतर साडेचार महिन्यांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि तीही कापसाच्या गासड्यांसोबत. शेकडो माणसे गेली. विषारी वायू त्यात नव्हता, एवढेच आपले नशीब. पण गोदीतला गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत सोन्याच्या विटा सापडत होत्या, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ४५ किलोचा एक जिवंत तोफगोळा मिळाला. म्हणजे समुद्राने ६७ वर्षांत तो पचवला नव्हता!

बरे, हे युद्धापुरतेच नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. तेल तर सांडलेच, पण कंटेनरही पाण्यात पडले आणि जहाजावर कीटकनाशकांसारखी घातक रसायने होती. मुंबईत लोकांनी मासे खाणे सोडले, नुकसान कोळ्यांचे झाले. २५ मे २०२५ रोजी केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते आणि त्यांतल्या तेरांत घातक माल. किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे दाणे येऊन पडू लागले तरी कशात काय आहे, ते जाहीर करा म्हणून लोकांना मागणी करावी लागली.

कायद्याचे म्हणाल तर रासायनिक शस्त्रबंदीचा करार १९९७ साली लागू झाला. आपल्या देशाने आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत सगळा नष्ट केला, याचा अभिमान वाटतो. पण याच करारात एक पळवाट आहे. १ जानेवारी १९८५ पूर्वी समुद्रात टाकलेली शस्त्रे जाहीर करण्याचे कोणत्याही देशावर बंधन नाही. म्हणजे घर झाडायचे, पण सतरंजीखालचे विचारायचे नाही!

काही तज्ज्ञ म्हणतात, आहे ते तसेच राहू द्या, उचलायला गेलात तर फुटेल. या म्हणण्यात तथ्य आहे. पण हात न लावणे वेगळे आणि विसरून जाणे वेगळे. जर्मनीने २०२४ साली ल्यूबेकच्या उपसागरात जुना दारूगोळा काढण्याचे प्रायोगिक काम सुरू केलेच. आणि डेन्मार्कची पद्धत तर आपण सहज उचलावी अशी आहे. बॉर्नहोमजवळ जाळ्यात असे काही आले तर मच्छीमाराने कळवायचे, बाधित मासे टाकून द्यायचे आणि सरकारने त्याची भरपाई द्यायची. भरपाई मिळते म्हणून तो लपवत नाही. पोट हातावर असलेल्या माणसाकडून फुकटच्या प्रामाणिकपणाची अपेक्षा आपण किती करायची?

आमच्या उत्तन, चौक, पालीच्या होड्या रोज त्याच समुद्रात जातात, आणि त्यांनी आणलेले बोंबील आपल्या ताटात येतात. माझे म्हणणे एवढेच आहे. समुद्रात काय बुडाले आहे आणि कुठे, याची यादी आणि नकाशा मराठीत, प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागला पाहिजे. जाळ्यात संशयास्पद काही आले तर कोणाला फोन करायचा, तो नंबर त्याखाली हवा. आणि भरपाई तांडेलाच्या हातात पडली पाहिजे, तीही पुढच्या हंगामाआधी. याला फार मोठा खर्च नाही, फक्त लपवायचे नाही असे ठरवावे लागेल.

तुम्हाला काय वाटते? जरूर लिहा. कोकणातल्या आपल्या नातेवाइकांनी तिथल्या बंदरांवर असा काही फलक आहे का, तेही बघून कळवावे.