वसाहत सरकारची, संसार रहिवाशांचा

दक्षिण दिल्लीतील सरोजिनीनगरच्या नव्या सरकारी निवासस्थानांचे उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. २८ मनोरे आणि अडीच हजारांहून अधिक घरे असा हा पसारा आहे. त्याच दिवशी शेजारच्या नौरोजीनगरमधील जागतिक व्यापार केंद्राचेही उद्घाटन झाले. तेथे पूर्वी सहाशेहून अधिक जुनी सरकारी घरे होती. त्यांच्या जागी आता सुमारे ३४ लाख चौरस फुटांचे व्यापारी बांधकाम उभे आहे. जुनी घरे मोडकळीस आली होती, पुनर्विकास अटळ होता, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र या वसाहतींचा आराखडा ठरताना तेथे राहणाऱ्यांना कोणी काय विचारले, याचे उत्तर शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत विनयनगर या नावाने हा परिसर वसला. पुढे त्याचे भाग पाडून सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, लक्ष्मीबाईनगर अशी नावे देण्यात आली. दिल्लीत बदलून आलेल्या मराठी कर्मचाऱ्यांच्या पिढ्या पहाडगंज आणि करोलबागेपाठोपाठ याच सरकारी वसाहतींतून नांदल्या. दुमजली घरे, पुढे अंगण, मागे कडुलिंब किंवा जांभूळ, हिवाळ्यातल्या उन्हात गच्चीवर वाळत घातलेले पापड आणि भाद्रपदात समाजसदनात बसणारा गणपती, असे ते जग होते. घर सरकारचे असले तरी शेजार रहिवाशांनी आपल्या हातांनी जुळवलेला होता. पुनर्विकासाच्या हिशेबात घराची किंमत धरली जाते. शेजाराचा रकाना तेथे नसतो.

तो हिशेब समजून घेतला पाहिजे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनीनगर, नेताजीनगर आणि नौरोजीनगर ही कामे एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे, तर कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि महंमदपूर ही केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सोपवली गेली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे बांधायची आणि ३० वर्षांच्या देखभालीसह ३२,८३५ कोटी रुपयांचा खर्च व्यापारी जागेच्या विक्रीतून उभा करायचा, अशी ती योजना. सरकारी तिजोरीवर भार पडू नये हा हेतू गैर म्हणता येणार नाही. परंतु प्रकल्पाचा खर्च प्रकल्पातूनच काढायचे ठरले की किती मजले चढवायचे, किती जागा विकायची आणि किती झाडे आड येतात, हे सारे त्या एका निर्णयातूनच ठरत जाते. पुढे कोणी हरकत घेतली तरी फार तर तपशील बदलतात, मूळ गणित बदलत नाही. म्हणूनच विचारायचे असेल तर ते गणित मांडण्यापूर्वी विचारावे लागते.

सरकारी वसाहतींत रहिवाशांच्या संघटना नाहीत असे नव्हे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या निवासी कल्याण संघांना कार्मिक खात्याची मान्यता असते. क्षेत्रीय कल्याण अधिकारी नेमलेले असतात, थोडेफार अनुदानही मिळते. उद्यानाची निगा, समाजसदनाचे आरक्षण, पाणी आणि सफाईच्या तक्रारी येथपर्यंत त्यांचा वावर असतो. प्रश्न वसाहतीच्या अस्तित्वाचाच आला की हे संघ अवघडतात. त्यांचे पदाधिकारी स्वतः सरकारी नोकर. सरकारच्या ताज्या धोरणावर किंवा कृतीवर जाहीर टीका करण्यास १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नववा नियम मनाई करतो. शिवाय घर नोकरीपुरते. निवृत्तीनंतर काही महिन्यांत किल्ली परत करायचीच असते, मग भांडायचे कोणासाठी? मालकही तोच, नियोजकही तोच आणि वरिष्ठही तोच, अशा कोंडीत सापडलेला रहिवासी घर रिकामे करण्याची नोटीस वाचतो आणि सामान बांधायला घेतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात या वसाहतींतील झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा आवाज उठला तो प्रामुख्याने बाहेरून. आसपासच्या खासगी वसाहतींतील नागरिक, विद्यार्थी आणि पर्यावरण कार्यकर्ते झाडांना मिठी मारून उभे राहिले. साती वसाहतींत मिळून चौदा ते सोळा हजारांहून अधिक झाडे जाणार, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध होत होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तोडीला लगाम बसला आणि अधिक झाडे वाचतील अशा रीतीने आराखड्यांचा फेरविचार करण्याची भूमिका केंद्रीय नगरविकास मंत्रालयाला घ्यावी लागली. ज्या फेरविचारासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, तो दोन वर्षे आधी एखाद्या समाजसदनातील बैठकीत होऊ शकला असता. तसे झाले असते तर कामही रखडले नसते. लोकांना विचारल्याने विकास लांबतो, ही नोकरशाहीची लाडकी समजूत आहे; सरोजिनीनगरचा अनुभव तिच्या नेमका उलट आहे.

सरकारी वसाहतींबाहेरच्या दिल्लीत मात्र रहिवासी संघ एवढे दुबळे कधीच नव्हते. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी २००० मध्ये ‘भागीदारी’ योजना सुरू केली आणि वसाहतींच्या संघांना थेट सरकारी अधिकाऱ्यांसमोर बसवले. योजनेला २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी वीजदरात दहा टक्के वाढ झाली, तेव्हा याच संघांनी वाढीव बिल भरण्यास नकार देऊन सरकारला माघार घ्यायला लावली. २००६ मध्ये निवासी भागांतील अनधिकृत दुकाने सील करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिले. तेव्हा अनेक संघ न्यायालयाच्या बाजूने आणि व्यापारी रस्त्यावर, असे चित्र उभे राहिले. सप्टेंबरमध्ये सीलमपूरला गोळीबारात माणसे दगावली. अखेर संसदेला विशेष कायदा करून आणि फेब्रुवारी २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या बृहद् आराखड्यात मिश्र वापराला वाट देऊन ही कोंडी फोडावी लागली. कोणत्या रस्त्यावर दुकाने चालावीत हे ठरवताना रहिवासी संघांचा सल्ला घेण्याची तरतूदही त्याच आराखड्यात आली.

तेव्हापासून दिल्लीतील प्रत्येक पक्षाने या संघांना चुचकारले आहे. नगरसेवकांना ते खुपतात. निवडून आम्ही यायचे आणि अधिकाऱ्यांनी ऐकायचे संघाच्या अध्यक्षाचे, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. कारण ही संघटना नक्की कोणाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला हा एक खासगी संघ असतो. अनेक ठिकाणी सदस्यत्व घरमालकांपुरते मर्यादित असते. वर्षानुवर्षे भाड्याने राहणारे कुटुंब, गच्चीवरच्या खोलीतला विद्यार्थी, गल्लीच्या तोंडाशी बसणारा इस्त्रीवाला, पलीकडच्या झोपडपट्टीतून धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाया यांना तेथे आवाज नसतो. बदलीच्या नोकरीमुळे किंवा खासगी कंपनीतल्या कामामुळे दिल्लीत आलेली मराठी कुटुंबेही बहुधा या भाडेकरूंतच मोडतात. ती देखभालीची वर्गणी भरतात, पण संघाच्या निवडणुकीत त्यांचे मत क्वचितच धरले जाते. वसाहतीच्या फाटकाला रात्री कुलूप घालण्याचा ठराव एकमताने होतो, त्याचे रहस्य हेच की ज्यांची वाट अडते ते सभेला नसतात.

मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला हे सारे विचित्र वाटते, कारण त्याने गृहनिर्माण सहकारी संस्था पाहिलेली असते. तेथे इमारत संस्थेची आणि सभासद तिचे भागधारक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली २००९ मध्ये पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून देण्यात आली आणि २०१९ मध्ये ती सुधारण्यात आली. विशेष सभा, वास्तुतज्ज्ञाचा अहवाल, निविदा आणि किमान ५१ टक्के सभासदांची संमती, हे टप्पे कायद्याच्या चौकटीत बसवलेले आहेत. ही पद्धत निर्दोष नाही. विकासक भाडे थकवतो, इमारत अर्धवट राहते, उरलेल्या ४९ टक्क्यांची घुसमट होते, हे मुंबईकर जाणतो. तरीही सभेच्या इतिवृत्तात त्याचा विरोध नोंदवला जातो. दिल्लीच्या रहिवासी संघाला सल्ला देता येतो, तो मानण्याचे बंधन कोणावर नसते.

अर्थात महाराष्ट्रातही मालकी संपली की संमती संपते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या. तेथील पुनर्विकासाची सूत्रे म्हाडाकडे आहेत. वरळीतील ५५६ भाडेकरूंना ऑगस्ट २०२५ मध्ये प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पण याच चाळींतील पोलीस कुटुंबांची कथा सरोजिनीनगरशी अधिक जवळची आहे. सेवानिवासस्थान म्हणून मिळालेल्या खोल्यांत त्यांचे संसार रुजले होते, मालकीचा कागद मात्र नव्हता. त्यांनी तगादा लावला. घराची किंमत आधी ५० लाख, मग २५ लाख आणि अखेरीस १५ लाख रुपयांवर आली. कागद नसलेल्यांचेही म्हणणे असते आणि ते ऐकले तर निर्णय बदलू शकतो, एवढे तरी या उदाहरणाने दाखवून दिले आहे.

ऐकणे आणि ऐकल्याचा उपचार करणे यांतील अंतर दिल्लीने ‘सेंट्रल व्हिस्टा’च्या वेळी अनुभवले. दिल्ली विकास प्राधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये भूवापर बदलाची सूचना काढली. १,२९२ हरकती आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये दोन दिवसांत सुनावणी आटोपली आणि मार्चमध्ये बदल अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्प वैध ठरवला. बहुमताचा निकाल न्या. अजय खानविलकर यांनी लिहिला. न्या. संजीव खन्ना यांनी मात्र भिन्नमत नोंदवताना लोकांपुढे पुरेशी माहिती ठेवलीच गेली नाही, यावर बोट ठेवले. कायद्याच्या लढाईत बहुमतच चालते, हे खरे. पण माहिती न देता मागवलेली हरकत म्हणजे प्रश्नपत्रिका न देता घेतलेली परीक्षा, हा त्या भिन्नमताचा इशारा पुढच्या प्रत्येक पुनर्विकासाला लागू आहे. २०४१ पर्यंतच्या बृहद् आराखड्याच्या मसुद्यावर २०२१ मध्ये तीस हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. बोलण्याची इच्छा दिल्लीकरांत मुबलक आहे, वानवा आहे ती उत्तर देणाऱ्याची.

राज्यघटनेने याची सोय पूर्वीच करून ठेवली होती. ७४ व्या दुरुस्तीतील कलम २४३-ध तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या नेमण्यास सांगते. दिल्ली महापालिकेने त्या परिमंडळानुसार नेमल्या. २०२२ च्या एकत्रीकरणानंतर अडीचशे प्रभागांसाठी समित्या अवघ्या बारा. २०११ ची लोकसंख्या धरली तरी एका समितीच्या वाट्याला सरासरी तेरा लाखांहून अधिक माणसे येतात. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या शहराएवढा हा आकार. त्यात शेजाराचा आवाज कोठून उमटणार? शिवाय जमीन केंद्राकडे, रस्ते आणि गटारे महापालिकेकडे, पाणी राज्य सरकारच्या जल बोर्डाकडे. एकाच मनोऱ्याचे परिणाम तीन सरकारांत विभागले जातात आणि जाब मात्र कोणालाच विचारता येत नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. सरकारी जमिनीवरील कोणत्याही पुनर्विकासात मंत्रिमंडळाच्या मंजुरीपूर्वी झाडांची मोजणी, पाणी आणि वाहतुकीचा अंदाज, विक्रीस काढायच्या जागेचे प्रमाण हे सारे त्या वसाहतीतच हिंदी-इंग्रजीत जाहीर करावे. हरकतींना लेखी, सकारण उत्तर देणे बंधनकारक करावे. कर्मचाऱ्यांनी आपल्या निवासस्थानाविषयी अशा सुनावणीत मांडलेले मत हे वर्तणूक नियमांचा भंग नव्हे, असे एक परिपत्रक कार्मिक खात्याने काढले, तरी निम्मी भीती ओसरेल. दुसऱ्या बाजूने, ज्या रहिवासी संघाच्या मतदार यादीत भाडेकरूंना स्थान नाही, त्याचा ठराव वसाहतीचा म्हणून ग्राह्य धरू नये. पुनर्विकासाच्या सभेला तर शेजारच्या झोपडपट्टीचे आणि बाजाराचे प्रतिनिधीही बोलावले जावेत. हक्क मागणाऱ्याने आपले फाटक आधी उघडे केले पाहिजे.

या मजकुराचे अनेक वाचक दुहेरी भूमिकेत वावरतात. सकाळी ते मंत्रालयातील टिपणीवर ‘प्रस्ताव मान्य’ असे लिहितात आणि संध्याकाळी अशाच एखाद्या टिपणीने ठरलेल्या घरात परततात. दिल्लीत जुन्या सरकारी वसाहती अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्या फायली कधी ना कधी याच टेबलांवरून जाणार आहेत. एखाद्या फायलीत ‘रहिवाशांचे म्हणणे’ असा एक परिच्छेद घालण्याचे काम या वाचकांपैकीच कोणाला तरी करावे लागेल. तो परिच्छेद आज कोणत्याही नियमाने सक्तीचा केलेला नाही. पण तो लिहू नये, असेही कोणत्याच नियमात म्हटलेले नाही.