सेकंडहँड लेन्स घ्यावी की नाही?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कॅमेऱ्याच्या लेन्सवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. काच हा विज्ञानवाल्यांचा विषय आणि किंमत हा वाणिज्यवाल्यांचा. मग आपल्या वाट्याला काय उरले? पाहणे उरले. ते काही कमी नाही.

रविवारी सकाळी केळव्याच्या, शिरगावच्या किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलात, तर गळ्यात कॅमेरा अडकवून ओल्या वाळूत उकिडवा बसलेला एखादा तरुण हमखास दिसतो. कॅमेरा मोठ्या भावाचा किंवा मामाचा. त्याबरोबर आलेली लेन्स १८-५५ मिलिमीटरची. घरचे लग्न आणि सहलीतला ग्रूप यांसाठी ती ठीक. पण पन्नास पावलांवरचा चिखल्या तिच्यातून मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो. मग तो तरुण पुढे सरकतो, आणखी सरकतो, आणि पक्षी उडून जातो. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला निवांतपणे चार किडे टिपू द्यायचे, तर आपण दूर राहिले पाहिजे. लांब पल्ल्याची लेन्स ही आधी पक्ष्याची सोय आहे, मग आपली.

अशा झूम लेन्सची, म्हणजे १५०-६०० किंवा २००-५०० मिलिमीटरची, नवी किंमत लाखाच्या घरात जाते. ज्या घरात बाप कारखान्यात पाळीवर जातो किंवा सातपाटीला होडीवर जातो, तिथे हा आकडा जेवताना उच्चारण्यासारखा नाही. वापरलेली लेन्स साधारण निम्म्या किमतीला किंवा थोडी वर मिळते. यावर वडीलधाऱ्यांचे म्हणणे ठरलेले: दुसऱ्याची वस्तू घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे, त्यापेक्षा नोकरी लाग, पैसे साठव आणि नवी घे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. घ्यावी, आणि शक्य तितक्या लवकर घ्यावी.

लवकर का, तेही सांगतो. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली आरसा नसलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. तेव्हापासून हौशी श्रीमंत मंडळी नव्या कॅमेऱ्यांकडे वळली आणि त्यांच्या कपाटातल्या चांगल्या चांगल्या लेन्स बाजारात आल्या. टॅमरॉनची १५०-६०० ही २०१३ च्या अखेरची. सिग्माची हलकी १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० या दोन्ही २०१५ च्या. यांतली एकही म्हातारी झालेली नाही. मालकाची हौस फिटली, एवढेच.

दुसरे कारण आपल्या किनाऱ्याचे आहे. चिंचणीहून उत्तरेला वरोर आणि त्यापुढे वाढवण. तिथल्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांच्या वर आहे, आणि समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे. बंदर हवे की नको, या वादावर महाविद्यालयात पुष्कळ बोलून झाले आहे. तो इथे उकरत नाही. पण भराव पडण्यापूर्वी त्या खडकांवर कोणत्या महिन्यात कोणता पक्षी उतरत होता, याची तारीखवार नोंद कोणाकडे असेल? नोकरी लागून पैसे साठेपर्यंत चार-पाच वर्षे जातील. पक्षी हिवाळ्याला येतात. म्हणजे चार-पाच हिवाळे गेले. नव्या लेन्सवरची सूट आपल्याला ते परत देणार नाही.

आता दुखणे विकत घेण्याविषयी. वडीलधाऱ्यांची भीती खोटी नाही. फक्त त्यावरचा उपाय नवी वस्तू हा नसून नीट तपासणे हा आहे. जुनी होडी घेणारा माणूस रंग बघत नाही, तळ बघतो. लेन्सचेही तसेच. बाहेरचे ओरखडे, पुसट झालेले आकडे, घासलेले रबर यांनी चित्र बिघडत नाही, उलट किंमत पाडून मागायला ती उपयोगी पडतात. लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवा, छिद्र पूर्ण उघडे ठेवा, मागून विजेरीचा झोत टाका आणि पुढून तिरके बघा. धुळीचे चार कण दिसले तर दिसू द्यात. परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले किंवा दुधाळ धुके दिसले, तर हात जोडून परत फिरावे. ती बुरशी. ती साफ करता येते, पण काचेवरचा लेप एकदा खाल्ला गेला की डाग कायमचा. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्या काचेवरच्यापेक्षा जास्त नडतो, हेही ध्यानात असावे. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स कोणीतरी उघडली होती. कोणी आणि कशासाठी, हे विचारायला लाजू नये.

मग भिंतीवर वर्तमानपत्र लावून सर्वांत लांब टोकाला, छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो काढावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचावीत. एक कोपरा धूसर आणि बाकीचे स्वच्छ, म्हणजे लेन्स कधीतरी पडली आहे.

आपला कॅमेरा बरोबर न्यावाच. निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यावर जुन्या धाटणीची लेन्स बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल, आणि उडत्या सुरयावर हाताने फोकस करणे म्हणजे पळत्या बसमध्ये दोरा ओवणे. उलट २००-५०० ही लेन्स डी-९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर बसते, पण तिचे छिद्र त्याला चालवता येत नाही. विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही.

पैसे लेन्स हातात घेऊन तपासल्यावरच द्यावेत. मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘लष्करात आहे, अचानक बदली झाली, आगाऊ रक्कम पाठवा, लेन्स कुरिअरने येईल’ असे सांगणारा जो गृहस्थ भेटतो, त्याची लेन्सही नसते आणि बदलीही नसते. त्यापेक्षा डहाणू लोकल पकडावी, पुढे चर्चगेटला उतरून फोर्टात जावे आणि दुकानदाराच्या काउंटरवर विजेरी काढावी. चार पैसे जास्त पडतील, पण बिल मिळेल आणि भांडायला एक पत्ता राहील.

चांगली लेन्स आणली तरी ती आपल्या हवेत टिकवावी लागते, आणि इथेच आपले बहुतेकजण मार खातात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चपलेवरसुद्धा बुरशी येते. लेन्स चामडी किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला पोसणे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या एवढ्याने काम भागते. दाण्यांचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरावेत. किनाऱ्यावरून आल्यावर खारट ओल पुसून टाकावी. घाटावरचा विक्रेता आणि समुद्रकाठचा विक्रेता दोघे एकाच किमतीला देत असतील, तर मी घाटावरच्याकडे आधी जाईन.

लेन्स महाग असो वा स्वस्त, आपल्या पुळणीवर तिचे राज्य सकाळी नवापर्यंतच. ऊन चढले की वाळूवरची हवा थरथरू लागते आणि दूरचा शेकाट्या पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. पुष्कळजण तेव्हा लेन्सला शिव्या देतात. शिवाय तारापूरच्या बाजूला जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. १९६९ पासून तिथे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या आसपास हातभर लांब नळी रोखून उभे राहू नये. आपण बगळा टिपत होतो, हे पहारेकऱ्याला पटवण्यात सकाळ जाते, आणि त्याचेही काही चुकत नाही.

आता प्राध्यापकवर्गाला एक विनंती. चौघांनी वर्गणी काढून लेन्स घेण्याची कल्पना कागदावर छान दिसते. पण लेन्स एक आणि रविवारही एकच, त्यामुळे मैत्री आणि लेन्स दोन्ही धोक्यात येतात. आपल्या जिमखान्याला दरवर्षी क्रिकेटचे साहित्य लागते आणि ते मिळते, याचा आनंदच आहे. तशीच एक वापरलेली १५०-६०० महाविद्यालयाने घ्यावी, ग्रंथालयातल्या पुस्तकाप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन शनिवारी द्यावी आणि सोमवारी परत घ्यावी. नेणाऱ्याला अट एकच असावी: प्रत्येक फोटोमागे तारीख, जागा आणि पक्ष्याचे नाव. नाव मराठी असले तर उत्तम. तुतवार, कुरव, शेकाट्या, कालवफोड्या ही नावे मराठी विभागालाही उपयोगी पडतील. डबा आणि सिलिका जेल आम्ही विद्यार्थी आणू.