नाव, गाव, पत्ता

मागच्या शनिवारी सकाळी अर्धवट झोपेत फोन घेतला. अर्नाळ्याचे एक काका, आमच्या घरोब्यातले. मासळी आणि बर्फाच्या व्यवहाराचं छोटंसं ऑफिस आहे त्यांचं. दहा-बारा पीसी, एक सर्व्हर.

"अरे, गूगल उघडतंय, मेल येतायत, पण बिलिंग काही उघडत नाही. आज माणसांचा आठवड्याचा पगार काढायचाय. येतोस का जरा?"

नाही कसं म्हणणार? विरारला उतरून रिक्षा पकडली.

ऑफिसात गंमतच होती. चार पीसी व्यवस्थित चालू, बाकीच्यांवर सर्व्हर सापडत नाही. एक रीस्टार्ट केला तर तो सुधारला, दुसरा केला तर चालणाराच बंद पडला! (नजर लागली आहे, असं एक मत तिथे होतंच.)

कारण साधं निघालं. आदल्या दिवशी ब्रॉडबँडचा नवा डबा बसवला होता, आणि त्यातला डीएचसीपी चालूच ठेवला होता. सर्व्हरवरचाही चालूच होता. म्हणजे पत्ते वाटणारे दोघं. पीसी सुरू झाला की नेटवर्कभर हाळी देतो, 'मला पत्ता हवाय.' बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं तो ऐकतो. पत्त्याबरोबर आणखी एक गोष्ट मिळते: नावं कोणाला विचारायची, म्हणजे डीएनएस कुठला. डबा म्हणायचा, मला विचार. डब्याला सगळ्या जगाची नावं काढून देता येतात, पण ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून गूगल उघडतं आणि बिलिंग उघडत नाही.

इथवर काही वाद नाही. वाद पुढे झाला. डबा बसवणारा मुलगा फोनवर म्हणाला, "सर, नावाच्या भानगडीत कशाला पडता? प्रत्येक पीसीवर सरळ सर्व्हरचा नंबर टाका, डीएनएसला चार वेळा आठ टाका, विषय संपला."

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापुरता तो बरोबर होता. नंबर टाकलेल्या एका पीसीवर बिलिंग खरंच चालू होतं. पण माझं मत ठाम आहे: हा उपाय नाही, उधारी आहे. उद्या सर्व्हर बदलला की बारा पीसींवर फिरा, आणि तेराव्यावर कोणी काय लिहून ठेवलंय ते आठवत बसा. आणि बाहेरचा डीएनएस? तो 'दुसरा' म्हणून जरी टाकला, तरी पहिला क्षणभर अडखळला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि बराच वेळ तिथेच राहतं. मग पुन्हा तेच, नेट चालू आणि काम बंद.

गंमत म्हणजे ही चूक जगाने आधीच करून झाली आहे. १९८३ पूर्वी सगळ्या यंत्रांची नावं आणि नंबर एकाच फाइलमध्ये असायचे, आणि ती फाइल जो तो उतरवून घ्यायचा. यंत्रं वाढली तसं ते झेपेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. आपण मॉनिटरवर नंबरांचे स्टिकर लावतो तेव्हा त्याच्याही मागे जातो.

आता अर्नाळ्याचंच घ्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि हे गाव ठाण्यातून पालघरात आलं. पत्ता बदलला, नाव तेच. लोकांनी गाव शोधायचं थांबवलं का? नोंद बदलली, इतकंच. नेटवर्कमध्येही हेच हवं: माणसाने नाव लक्षात ठेवावं, पत्ता यंत्राने सांभाळावा.

फक्त नाव ठेवताना घाई नको. काकांच्या डोमेनचं नाव कोणीतरी '.लोकल' ठेवलंय. ही शेपटी २०१३ पासून मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. खाजगी वापरासाठी आयकॅनने २०२४ मध्ये '.इंटर्नल' बाजूला काढली. पण सगळ्यात बरं म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या नावाचाच एक उपभाग वापरा. चालत्या डोमेनचं नाव बदलणं ही मोठी डोकेदुखी, म्हणून तिथे मी हात लावला नाही.

बाकी दुरुस्ती वीस मिनिटांची. डब्यातला डीएचसीपी बंद. पत्ते वाटणार एकटा सर्व्हर. सगळ्या पीसींना डीएनएस सर्व्हरचाच. बाहेरची नावं तो पुढे विचारून आणेल. सर्व्हरचा पत्ता पक्का, प्रिंटरसाठी एक राखून ठेवलेला. याची किंमत आहेच: सर्व्हर पडला तर गूगलही उघडणार नाही. म्हणून काकांना म्हटलं, आतला दुसरा डीएनएस उभा करू; तो खर्च करा. ते "बघू" म्हणाले. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच :)

पगार दुपारी वाटून झाले. निघताना सगळं एका कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलं. नवा डबा आला की आधी हा कागद वाचायचा, असं काकांकडून कबूल करून घेतलं.

सोमवारी तुमच्या हापिसात 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवून बघा. पत्ता कोण देतंय आणि नावं कोणाला विचारली जातायत, दोनच ओळी बघायच्या. छोट्या हापिसात तिथे बाहेरचा नंबर दिसला, तर एखाद्या शनिवारी तुम्हालाही फोन येणार हे नक्की.