आधी सुताराला फोन, मग कुऱ्हाड

लावणी आटोपली आणि रविवारी पाऊस काही उघडेना. आईला झोपाळ्याला नवी फळी हवी होती, म्हणून घरच्यांना घेऊन अलिबागजवळ हातानं फर्निचर बनवणाऱ्या एका सुताराकडे गेलो. फणसाच्या पिवळ्याधमक फळीवर हात फिरवत आई म्हणाली, "आपला फणस असाच होता रे."

मी गप्प. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीतले दोन जुने फणस आडवे झाले. वाट मोकळी करायची घाई. खोडांचे तुकडे केले आणि जळाऊच्या भावात देऊन टाकले. ते सगळे पैसे धरले तरी परवाची एक फळी आली नसती.

माझं मत असं, की आपण झाड फक्त फळापुरतं मोजतो. पडलं की त्याची किंमत शून्य धरतो. तसं करू नका. खोड लांब ठेवा. टोकांना लगेच रंग फासा, नाहीतर चिरा जातात. फळ्या पाडून मध्ये पट्ट्या घाला, सावलीत रचा. वाळायला इंचाला साधारण वर्ष धरा. घाईनं वापरलं तर लाकूड वाकतं.

एक लक्षात ठेवा, उभा फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं विनापरवाना तोडता येत नाही. पडलेल्याचंही लाकूड हलवण्याआधी तलाठी आणि वनखात्याला विचारा.

यंदा बांधावर चार फणस लावलेत. तुमच्याकडच्या पडलेल्या झाडांचं काय झालं? सांगा.